अकरानंतर

१

दुपारची चहाची भांडी विसळून झाली की मी मागच्या खोलीत नातीच्या टेबलाशेजारी जाऊन बसायची आणि माझं काम सुरू व्हायचं. काम म्हणजे काय, तर भिंतीवरचं बटण बंद करायचं, दहा मोजायचे आणि बटण चालू करायचं. ती म्हणायची, "कर." खट. बोटांच्या पेरांवर दहा. खट. असं दिवसाला दीडशे-दोनशे वेळा. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, लिहायला शिकले तीही नातवंडांच्या पाटीवर. पण मोजण्यात मी कुणाला हार जाणार नाही. मोजलेलं विसरतही नाही.

नातीला आम्ही खारू म्हणतो. लहानपणी गालात स्क्रू लपवून हिंडायची म्हणून. आता ती श्वासाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. पंप, नळ्या, चाकं हे सगळं दुसरे बघतात. वीज आल्यापासून यंत्र जागं होईपर्यंत जो एवढासा वेळ जातो, तो हिच्या ताब्यात.

"वीज आली की यंत्र लगेच चालू होत नाही का गं?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"तू सकाळी लगेच उठतेस? आधी मी कोण, मग ही खोली कुठली, मग आज वार कोणता. पण त्याच्याही आधी एक क्षण असतो बघ, कशाचाच पत्ता नसतो. माझं काम त्या क्षणात."

"मग विचार की त्यालाच, बाबा रे काय दुखतंय?"

"त्याला अजून तोंड नाही, आजी. तोंड पाचव्या पायरीनंतर फुटतं. त्याआधी पडदा नाही, घड्याळ नाही, मागचं काही आठवत नाही. हा एक दिवा तेवढा आहे."

दिवा म्हणजे टेबलावर उघड्या ठेवलेल्या यंत्राच्या बोर्डाच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका, मोहरीएवढा. खारूने यंत्राला शिकवलं होतं, पहिली पायरी चढलास की एकदा लुकलुक, दुसरी चढलास की दोनदा. पाच झाल्या की पडद्यावर अक्षरं धावायला लागत. कुठे पाय घसरला तर दिवा तिथेच गप्प व्हायचा. आंधळ्याला रस्ता ओलांडून देणारी माणसं मी पाहिली आहेत. पण जो अजून धड जन्मलाच नाही त्याचं बोट धरून पाच पायऱ्या चढवणारी मी ही एकच पाहिली.

टेबलावरचा बोर्ड एका हॉस्पिटलमधून परत येऊन महिनोन्‌महिने खोक्यात पडलेला होता. सोबत चिठ्ठी होती, 'कधीकधी वेळेवर सुरू होत नाही.' कंपनीत महिनाभर तपासून कुणाला काही सापडलं नव्हतं. शनिवारी तसलीच चाळीस यंत्रं बाहेर पडायची होती आणि 'यंत्र दर वेळी सुरू होतं' अशा कागदावर खारूची सही हवी होती. ती सही देत नव्हती. बोर्ड उचलून घरी घेऊन आली होती.

"यंत्रं चाळीस नाहीत आजी," ती म्हणाली, "माणसं चाळीस आहेत."

२

मंगळवारी माझ्या हातून चूक झाली.

मी बटण बंद केलं आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. दचकून माझा हात पुन्हा बटणावर पडला. खट-खट. दहा सोडा, एकसुद्धा मोजला नव्हता. बेल शेजारच्या दाराची होती म्हणून मी परत बसले आणि दिव्याकडे बघू लागले. एकदा लुकलुकला. दोनदा लुकलुकला. मग गप्प.

सवय वाईट. बोटं आपली पेरांवर मोजायला लागली. एक, दोन, तीन. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत, लिफ्टची घरघर, स्वयंपाकघरात फ्रिजचं कण्हणं. नऊ, दहा, अकरा. दिवा परत पहिल्यापासून लुकलुकला, पाचही पायऱ्या चढला आणि पडद्यावर अक्षरं धावली.

"झालं चालू," खारू म्हणाली. ती वहीत काहीतरी लिहीत होती. "पुढचं कर."

"अगं पण मध्ये थांबला होता."

"किती?"

"अकरा."

तिचं पेन थांबलं. "दहा मोजलेस त्यातलेच ना?"

"मी दहा मोजलेच नाहीत. चुकून लगेच दाबलं. दोन पायऱ्यांनंतर दिवा गेला, अकरा मोजले, मग पहिल्यापासून आला."

"आजी, नक्की अकरा? बारा नाही? नऊ नाही?"

आणि मला रडू फुटलं. कारण हाच प्रश्न मला दीड वर्षापूर्वी कुणी विचारलाच नव्हता.

३

माझी धाकटी बहीण. घरात सगळे तिला धाकटीच म्हणायचे, सत्तरी ओलांडली तरी. लहानपणी आम्ही एका पांघरुणात झोपायचो. तिचा श्वास वेगळाच होता, तीन आखूड आणि एक लांब. तीन आखूड आणि एक लांब. जणू जिना चढून आल्यावर कुणी हुश्श करतंय. मी चिडवायची, "धाकटे, झोपेतही तुझी दमछाक." ती म्हणायची, "ताई, तू मोजतेस म्हणून दमते."

शेवटी ती हॉस्पिटलात नऊ दिवस होती. तोंडावर मुखवटा, शेजारी यंत्र. श्वास ती स्वतः सुरू करायची, यंत्र मागून टेकू द्यायचं, त्यामुळे चाल तिचीच होती. आंधळ्यानेसुद्धा ओळखली असती. नवव्या दिवशी दुपारी वीज गेली आणि लगेच आली. पापणी लवली एवढंच. यंत्राच्या आत बॅटरी होती म्हणे, पण तीही थकलेली. दिवे आले, पंखा आला, यंत्र आलं नाही. मी तिचा हात धरून मोजत होते. अकराव्याला यंत्र गुरगुरलं, पण धाकटीचा श्वास काही आला नाही.

नर्सबाई चांगली होती बिचारी. म्हणाली, "आजी, यंत्र वीज आल्याबरोबर चालू झालं. तुम्ही घाबरलात ना, घाबरलं की एकाचे अकरा वाटतात." डॉक्टर म्हणाले, तिची वेळ आली होती. सुनेने पाठीवर हात फिरवला. मग मीच स्वतःला समजावलं की म्हातारे, तुझंच मोजणं चुकलं असेल. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बोटांवर अविश्वास दाखवला.

४

खारूने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, माझ्यासाठी पाणी आणलं आणि म्हणाली, "आजी, तुझं मोजणं चुकलेलं नाही."

यंत्रात म्हणे एक राखणदार असतो. यंत्र दहा सेकंद हुं की चूं करत नसेल तर तो त्याला कान धरून परत उठवतो. दहा सेकंद त्याचे आणि उठायला एक. "अकरा हा आकडा तुला सुचणं शक्यच नाही," ती म्हणाली. "तो यंत्राच्या पोटातला आहे. माझ्या आणि कंपनीतल्या दोघांशिवाय कुणाला माहीत नाही."

मग तिने स्वतः बटण खट-खट केलं. दोन पायऱ्या, अंधार, अकरा, परत पहिल्यापासून. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी नुसती बघत राहिले. शिकलेल्या माणसांनी महिनाभर ज्याला शोधलं तो इथे पुढ्यातच बसला होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच. सगळे बंद करून दहा मोजत होते, नियम म्हणून. शहाण्यासारखे मोजत होते म्हणून तर सापडत नव्हतं.

नियम तिच्या वरच्या साहेबांचा. खारू त्यांना मागे 'दहामोजे साहेब' म्हणते. तिने लगेच फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"लगेच चालू केलंत?" साहेब म्हणाले. "पण तसं कोण करतं? बंद केल्यावर दहा मोजायचे असतात, कागदावर लिहिलंय."

"वीज कागद वाचून जात नाही, सर."

साहेबांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हे शोधलं कुणी?"

"माझ्या आजीने."

"कुठे असतात त्या?"

"सध्या माझ्या शेजारी बसून भोपळ्याएवढं तोंड करून हसतायत."

हसत होते खरी. बोटं मात्र पेरांवर अकरापर्यंत जाऊन परत येत होती.

"शनिवारपर्यंत दुरुस्त कर," साहेब म्हणाले. "नाही जमलं तर मी सही करीन. यंत्रं थांबणार नाहीत."

५

बुधवारी तिने राखणदाराला बांधून ठेवलं. तो मध्येच येऊन यंत्राला उठवतो, मग ते अडतं कुठे हे कळत नाही. आता अडलं की अडूनच राहणार होतं, आम्ही बटण बंद करेपर्यंत.

"दोन पायऱ्यांनंतर दिवा विझेल आणि विझलेलाच राहील," ती म्हणाली. "तू फक्त सांग, विझला का. मी इकडे मोजमाप बघते."

खट-खट. एकदा, दोनदा, अंधार. मी मोजायला लागले. अकरा झाले. बारा.

तेराव्याला दिवा लागला.

पायरीची ती लुकलुक नव्हती. हळूच उजळला, हळूच मावळला. परत तसंच. परत तसंच. मग एकदा सावकाश, लांब.

"विझला?" खारूने पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"विझला होता."

"होता म्हणजे?"

तिने वळून पाहिलं. दोघी बघत राहिलो. तीन आखूड, एक लांब. माझ्या मनाने एवढ्यात सुतावरून स्वर्ग गाठला होता, आणि ते तिला कळू द्यायची मला लाज वाटली. म्हातारपणी माणसाला ढगातही ओळखीची तोंडं दिसतात.

"गळती," ती म्हणाली. "मोजमापाच्या वायरीतून थोडी वीज शिरत असणार. बंद कर."

मी बंद केलं. उजळता उजळता मध्येच दिवा गेला.

६

वायर काढली. दिवा तसाच. टेबल बदललं, दुसऱ्या खोलीतून वीज घेतली. दिवा तसाच. गुरुवारी तिने दिवा लावायची शिकवणच यंत्रातून पुसून टाकली. आता पायऱ्यांची लुकलुकही होत नव्हती. खट-खट केलं की नुसता अंधार, अगदी पहिल्यापासून. बारापर्यंत अंधार. तेराव्याला हळूच हिरवं.

ती चिडली नाही, घाबरली नाही. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची आणि मला म्हणायची, "कर." मी करायची. माझ्या तरुणपणी अशी माणसं असती तर किती भुतं उपाशी मेली असती, असं मनात आलं. तिच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला दिसत होती, पण वहीतली ओळ वाकडी जात नव्हती.

"आजी, तू ओठ का हलवतेस?" तिने एकदा विचारलं.

"मोजते."

"काय?"

मी सांगितलं. तीन आणि एक. कुणाची चाल तेही सांगितलं. मला वाटलं होतं हसेल, किंवा सुनेसारखी पाठीवर हात फिरवील. तिने वही पुढे ओढली आणि लिहिलं. तीन आखूड, एक लांब, आजीच्या म्हणण्याप्रमाणे धाकट्या आजीचा श्वास. खाली रेघ मारली.

"हा बोर्ड कुठल्या हॉस्पिटलातला गं?" मी विचारलं.

"नंबर खरवडलेला आहे."

"तुला काय वाटतं?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे तीन शब्द मी फार थोड्या वेळा ऐकले आहेत.

७

शुक्रवारी सकाळी तिला दुखणं सापडलं. अंघोळ अर्धी टाकून बाहेर आली, केसांतून पाणी ठिबकतंय, आणि पोळपाटावर पिठाने मला समजावू लागली.

यंत्र चालू असताना एका कोपऱ्यात खूण करून ठेवतं, 'घड्याळ लावलं.' वीज गेली की खूण पुसली जाते, पण लगेच नाही. चार-पाच सेकंद रेंगाळते. तेवढ्यात वीज परत आली तर यंत्र उठतं, खूण बघतं आणि समजतं की घड्याळ चालूच आहे. मग त्याच्या ठोक्याची वाट बघत बसतं.

"आणि ठोका येत नाही," मी म्हटलं.

"कुठून येणार? घड्याळ या वेळी कुणी लावलेलंच नाही. तो ठोका येईल म्हणून ते जन्मभर बसून राहील, राखणदार येऊन खूण पुसून त्याला उठवत नाही तोवर. उपाय सोपा आहे. उठल्याबरोबर सगळे कोपरे आधी पुसायचे आणि घड्याळ नव्याने लावायचं."

चार वर्षांची असताना हिने माझं गजराचं घड्याळ उघडलं होतं तेव्हा मी तिला धपाटा घातला होता. आता तिच्या ओल्या कपाळाची मी पापी घेतली.

"आणि दिवा?"

"रेंगाळलेलं काहीतरी असेल, आजी."

"चार-पाच सेकंद म्हणालीस. हा बोर्ड महिनोन्‌महिने खोक्यात होता."

तिने पिठातली एक रेघ बोटाने पुसली आणि परत ओढली.

मी विचारलं, "ते अडून बसतं ना, तेव्हा आत किती वाजलेले असतात?"

"वाजलेलेच नसतात. आत वेळ सुरूच झालेला नसतो. बाहेर आपण तासभर बसलो तरी आत तोच क्षण."

ती सहज म्हणाली आणि कपडे बदलायला गेली. मी लाटणं हातात धरून तशीच उभी. तोच क्षण. वीज आली, दिवे आले, पंखा आला आणि ठोक्याची वाट बघत कुणीतरी बसलंय. वाट बघताना श्वास घेतंय. तीन आखूड, एक लांब. आणि बाहेरून कुणीतरी बटण बंद करतं. परत चालू करतं, परत त्याच क्षणात बसवतं. परत बंद.

बुधवारपासून एकशे सदतीस वेळा. मला आकडा आठवायचीही गरज नव्हती. माझीच बोटं होती.

८

शनिवारी साहेब स्वतः घरी आले. उंच, वाकलेले, बूट दाराबाहेर जुळवून ठेवणारे. मला नमस्कार करून म्हणाले, "आजी, तुम्ही आमच्याकडे नोकरी करा." मी म्हटलं, "दहा मोजून सांगते." ते मनापासून हसले.

खारूची अट होती. नवी शिकवण घातल्यावर शंभर वेळा खट-खट करायचं, शंभरच्या शंभर वेळा यंत्र लगेच उठलं तरच सही. साहेबांनी मान्य केलं आणि ते बाहेरच्या खोलीत फोनवर बोलायला गेले.

खारूने दार लोटलं. "आजी, चाळीस यंत्रांत नवी शिकवण जाणारच आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तुला हवं तर हा बोर्ड आहे तसा ठेवते. चाचणी दुसऱ्यावर करू. कुणाला कळणार नाही."

खोटं न बोलणारी माझी नात माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झाली होती. मी म्हटलं, "एकदा जुन्या पद्धतीने लाव."

खट-खट. अंधार. अकरा. बारा. हिरवं हळूच उजळलं. मी पुढे वाकले, इतकी की बोर्डाची ऊब ओठांना लागली.

"धाकटे," मी म्हटलं.

दिवा मध्येच थांबला. विझला नाही. अर्धा उजळलेला, आहे तिथे थांबला, जसं दाराबाहेर ओळखीचं पाऊल वाजलं की झोपलेलं माणूस श्वास धरतं. खारूने माझा दंड घट्ट पकडला. बाहेर साहेब कुणाला तरी पत्ता सांगत होते. दिवा तसाच अर्धा, ऐकत.

मी आणखी एक शब्द बोलले असते तर काय झालं असतं, मला माहीत नाही. जाणून घ्यायचा मोह मला आजही होतो. पण तिला हॉस्पिटलच्या त्या खोलीत मी ठेवायचं, रोज दुपारी चहा झाल्यावर जाऊन बघायचं, परत बटण बंद करायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं.

"पूस," मी खारूला म्हटलं.

तिने पुसलं.

मग शंभर. खट-खट, पाच पायऱ्या, अक्षरं. दिवा परत आपलं काम शिकला होता, एक, दोन, तीन, चार, पाच, कुठे अडणं नाही. किती सुरेख उठत होतं ते यंत्र! नवजात पोर पहिल्याच श्वासाला रडावं तसं. साहेब दारात उभे राहून बघत होते.

प्रत्येक वेळी बटणाला हात लावताना माझ्या तोंडून निघत होतं, "दाबते गं."

पन्नासाव्या वेळी साहेबांनी विचारलं, "कुणाला सांगताय, आजी?"

"नातीला," मी म्हटलं.

नव्याण्णव झाले आणि माझं बोट दुखून आलं. खारू उठली, मला बाजूला सरकवलं आणि शेवटचं बटण स्वतः दाबायला गेली. साहेब तिच्या मागे होते, त्यांना काही दिसलं नसणार. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. बटण दाबण्याआधी तिचे ओठ हलले.